स्वप्नातले विद्यापीठ कशाने ठरते? बार्शीच्या एका पालकांच्या प्रश्नाला उत्तर

बार्शीहून एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलीला यंदा एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेत, 96 पर्सेंटाइल मिळाले आहेत. तिचे मन पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठावर बसले आहे, वडिलांना शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालय हवे आहे, आईचा सगळा जीव वसतिगृहात अडकला आहे आणि गावातला प्रत्येक परिचित निराळेच नाव सुचवतो आहे. मुलांनी आणि पालकांनी मिळून ज्याला स्वप्नातले विद्यापीठ म्हणावे, त्यात नेमके काय असते, असे त्यांनी विचारले आहे. मी तीस वर्षे अभियांत्रिकी शिकवली आणि त्यांतील बारा वर्षे प्रवेश समितीच्या टेबलामागे बसून अशाच शेकडो कुटुंबांशी बोललो. त्या अनुभवावरून लिहितो.

सर्वप्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या घरातली तीन माणसे एकाच प्रश्नावर वाद घालत आहेत असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात तिघांचे प्रश्न तीन आहेत. मुलगी विचारते आहे की तिथे मी कोणाच्या संगतीत चार वर्षे काढेन. वडील विचारत आहेत की घातलेला पैसा पुढे कधी आणि कसा उभा राहील. आई विचारते आहे की पोरगी आजारी पडली तर तिच्याकडे कोण बघेल. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकात तिघांनाही वेगवेगळी छायाचित्रे दाखवून उत्तर दिलेले असते: मुलीला रंगमंच आणि कॅफेटेरिया, वडिलांना ‘सर्वोच्च पॅकेज’, आईला सीसीटीव्ही. माझे मत असे झाले आहे की या तिन्ही प्रश्नांची खरी उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात, आणि ते ठिकाण म्हणजे तिथे वर्षानुवर्षे टिकून राहिलेला शिक्षकवर्ग. ज्या विभागात पूर्णवेळ, कायम नेमणुकीचे, आपल्या विषयात काम करणारे शिक्षक पुरेशा संख्येने आहेत, तिथे संगतही चांगली मिळते, कंपन्याही येतात आणि वसतिगृहातल्या मुलाची विचारपूसही होते. शिक्षक दरवर्षी बदलत असतील, तर बाकीच्या सोयी कितीही झगझगीत असल्या तरी त्यांचा उपयोग फार थोडा होतो.

याचे माझ्या डोळ्यांसमोरचे सर्वांत ठळक उदाहरण माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे आहे. जुनी मंडळी तिला अजूनही यूडीसीटीच म्हणतात. 1 ऑक्टोबर 1933 रोजी मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ती सुरू झाली. मुंबई तेव्हा कापडगिरण्यांचे शहर होते आणि गिरण्यांना रंग व प्रक्रिया जाणणारी माणसे हवी होती, म्हणून सुरुवातीलाच वस्त्ररसायनाला स्थान मिळाले. 2008 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतःची पदवी देता येण्याचा, दर्जा मिळाला, परंतु नाव त्याच्या कितीतरी आधी झाले होते. ते झाले कशाने? केंब्रिजहून परतलेले डॉ. मनमोहन शर्मा 1964 मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तिथे प्राध्यापक झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. पुढे ते संचालक झाले आणि 1990 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेले. केकी घरडा तिथे शिकले, तिथेच शिकवले आणि मग स्वतःचा रसायन उद्योग उभारला. कारखान्यात अडलेला प्रश्न प्राध्यापकाकडे यायचा, तो प्रयोगशाळेत मुलांसमोर मांडला जायचा आणि त्यावर काम केलेला मुलगा पुढे त्याच क्षेत्रात उभा राहायचा. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज स्थापन करणारे अंजी रेड्डी आणि रिलायन्सचे मुकेश अंबानी हे तिथलेच विद्यार्थी आहेत. या संस्थेचा परिसर मुंबईच्या मानाने मोठा असला तरी कोणाला भुरळ पडावी असा नव्हे. तरीही रसायन शिकू इच्छिणाऱ्या मुलाला ती स्वप्नासारखी वाटत आली, कारण तिथे कोणाच्या हाताखाली शिकायला मिळेल हे त्याला ठाऊक असे.

पुण्याच्या सीओईपीची, म्हणजे तिथल्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, गोष्ट थोडी वेगळी आहे. सार्वजनिक बांधकामाच्या कामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करावेत म्हणून 1854 मध्ये सुरू झालेला हा वर्ग 2022 मध्ये स्वतंत्र राज्य विद्यापीठ झाला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तिथले. कार्बन डायऑक्साइड लेसर शोधणारे सी. के. एन. पटेल तिथले; स्टॅनफर्डला प्राध्यापक झालेले थॉमस कैलाथ तिथले. इतक्या जुन्या संस्थेतही मधल्या काळात शासकीय चाकोरीमुळे मरगळ आली होती असे तिथे शिकलेले माझे समवयस्क सांगतात, आणि स्वायत्तता मिळाल्यानंतर अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवता येऊ लागल्या तेव्हा फरक पडला, असेही तेच सांगतात. म्हणून केवळ वयाने मोठी संस्था चांगली, असे मी म्हणणार नाही. मात्र दीडशे वर्षांचा माजी विद्यार्थ्यांचा गोतावळा कोणत्याही नव्या विद्यापीठाला विकत घेता येत नाही, आणि मुलाला पहिली नोकरी मिळण्यापेक्षा दुसरी व तिसरी मिळताना त्याचा उपयोग अधिक होतो.

आता आपल्या मुलीच्या यादीतल्या संस्थांबद्दल हे कसे तपासायचे, ते सांगतो. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही उच्च शिक्षण संस्थांची क्रमवारी 2016 पासून दरवर्षी प्रसिद्ध होते. पालक फक्त क्रमांक पाहतात आणि तिथेच थांबतात. विद्यापीठे आणि अभियांत्रिकी संस्थांचा क्रमांक पाच गोष्टींच्या गुणांवर ठरतो. त्यात अध्यापन व साधनसामग्रीला 30 टक्के, संशोधनाला 30 टक्के, पदवीनंतरच्या निष्पत्तीला 20 टक्के, आणि सर्वसमावेशकता व लोकमत यांना प्रत्येकी 10 टक्के भार असतो. म्हणजे संशोधनपत्रिकांत भरपूर छापणारी संस्था, तिथे पहिल्या वर्षाला कोण आणि कसे शिकवते याची पर्वा न करताही, बरीच वर चढू शकते. क्रमांकापेक्षा मला उपयोगी वाटतो तो संस्थेने एनआयआरएफला सादर केलेला मूळ तक्ता. तो संस्थेने स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायचा असतो, आणि त्यात मंजूर जागा, प्रत्यक्ष विद्यार्थी, मुली किती, परराज्यातील किती, किती जणांना पूर्ण शुल्कमाफी मिळाली, किती जण ठरलेल्या वर्षांत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी मिळाली, त्यांच्या पगाराचा मध्यांक (सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काय आणि किती जण उच्च शिक्षणाला गेले, हे वर्षवार दिलेले असते. त्यातच शिक्षकांची नावानिशी यादी असते: पात्रता, पद, अनुभव आणि रुजू झाल्याची तारीख. ती यादी घेऊन बसा आणि शेवटच्या दोन वर्षांत किती जण रुजू झाले ते मोजा. साठ शिक्षकांपैकी चाळीस जण कालपरवा आलेले असतील तर विभाग वाढतो आहे किंवा गळतो आहे. कोणते ते प्रत्यक्ष गेल्यावर लगेच कळते.

तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेच्या निकषाप्रमाणे अभियांत्रिकी पदवीसाठी वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा लागतो. कागदावर हे प्रमाण बहुतेक सर्वांचे जुळते. प्रत्यक्षात आपल्या राज्यातील शासकीय आणि अनुदानित संस्थांतही अनेक पदे रिकामी असतात आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर गाडा ओढला जातो. त्या प्राध्यापकांना मी कमी लेखत नाही; माझ्या विभागातले काही उत्तम शिक्षक तासिकेवरच होते. पण ज्याला तासामागे मानधन मिळते आणि पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे माहीत नसते, त्याने प्रकल्पासाठी मुलांबरोबर रात्री आठपर्यंत थांबावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तेव्हा शासकीय म्हणजे निर्धास्त असे वडिलांनीही समजू नये. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारावा: या शाखेत कायम शिक्षक किती आणि तासिकेवर किती?

नोकऱ्यांच्या आकड्यांबद्दल वडिलांसाठी थोडे अधिक लिहितो, कारण सर्वाधिक फसगत इथेच होते. समजा दहा मुलांपैकी नऊ जणांना चार लाखांची आणि एकाला चव्वेचाळीस लाखांची नोकरी लागली. सरासरी आठ लाख येते आणि जाहिरातीत तीच छापली जाते, पण वर्गातल्या कोणत्याही मुलाला आठ लाख मिळालेले नसतात. मध्यांक चार लाख येतो, आणि आपल्या मुलीसाठी अंदाज बांधायचा तर तोच धरावा. दुसरे असे, की ‘95 टक्के प्लेसमेंट’ म्हणताना ते कशाचे 95 टक्के हे विचारा. पुष्कळ ठिकाणी ज्यांचा एकही विषय राहिलेला नाही आणि ज्यांनी नोंदणी केली आहे, एवढ्यांचाच छेद धरतात. एका मुलाला तीन कंपन्यांनी निवडले तर तीन नेमणुका मोजतात. एनआयआरएफच्या तक्त्यातला नोकरी मिळालेल्यांचा आकडा आणि माहितीपत्रकातला आकडा शेजारी ठेवून पाहिला की पुष्कळसा उलगडा होतो. मी एकदा एका नातलगासाठी असे केले होते आणि एकाच वर्षाच्या दोन आकड्यांमध्ये निम्म्याचा फरक निघाला. संस्थेतल्या अधिकाऱ्याने तो ‘मोजण्याच्या पद्धतीतला फरक’ असल्याचे अत्यंत शांतपणे सांगितले.

उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या श्रेणीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. 1994 मध्ये स्थापन झालेली ही परिषद 4 पैकी गुण देत आली आहे, 3.51 पासून ए प्लस प्लस, 3.26 पासून ए प्लस, 3.01 पासून ए, अशी उतरंड आहे. श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, आपल्या शाखेला नव्हे. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पाहणी समितीतल्या काही सदस्यांना लाचेच्या प्रकरणात सीबीआयने अटक केल्यानंतर तर कोणी फक्त श्रेणीचा फलक दाखवला की मी पुढचे पान उलटतो. खराब श्रेणी असलेली संस्था टाळावी, एवढाच तिचा उपयोग करावा.

विद्यापीठाचा प्रकार मात्र बारकाईने पाहावा, कारण पैशांचा सगळा हिशोब त्यावर फिरतो, आणि हे पालकांना बहुधा प्रवेश झाल्यावर समजते. आपल्याकडे विद्यापीठ हा शब्द निरनिराळ्या गोष्टींना लावला जातो. पुणे किंवा सोलापूर विद्यापीठासारख्या राज्य विद्यापीठांना अनेक महाविद्यालये संलग्न असतात. तिथे पदवीवर विद्यापीठाचे नाव येते, पण मुलगी चार वर्षे जगते ती महाविद्यालयात. म्हणून ‘पुणे विद्यापीठ चांगले का?’ हा प्रश्न त्या अर्थाने अपुरा आहे. गणेशखिंडच्या परिसरातला विभाग आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे संलग्न महाविद्यालय यांत पदवीवरच्या नावापलीकडे साम्य शोधावे लागते. या संलग्न विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क 2015 च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांचे गणित त्याहून वेगळे असते.

त्याचा परिणाम आपल्या घरावर असा होईल. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते. यातून अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे वगळलेली आहेत. व्यवस्थापन कोट्यालाही हे लागू नाही. तुम्ही या उत्पन्नगटात आणि प्रवर्गात बसत असाल, तर मुलीच्या पसंतीचे विद्यापीठ आणि वडिलांच्या पसंतीचे महाविद्यालय यांतला फरक काही हजारांचा नसून चार वर्षांत कित्येक लाखांचा असेल. खासगी विद्यापीठाचे पहिल्या वर्षाचे शुल्क तीन लाख असेल आणि ते दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत असेल, तर चार वर्षांचे शुल्क बारा लाख नव्हे, सुमारे तेरा लाख ब्याण्णव हजार होते. वसतिगृह, मेस, अनामत आणि लॅपटॉप त्याशिवाय. शुल्क दरवर्षी किती वाढू शकते, हे लेखी मागून घ्यावे. कर्ज काढायचे झाल्यास नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराविना कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. मात्र संस्था त्या योजनेच्या यादीत हवी, आणि ती यादी एनआयआरएफच्या क्रमवारीवरून बनते. क्रमवारीचा हा एक उपयोग मात्र अगदी रोकडा आहे.

इथेच एक सावधगिरी. खासगी विद्यापीठे राज्याची प्रवेश फेरी सुरू होण्याआधीच जागा निश्चित करण्यासाठी रक्कम भरून घेतात. भरायची असल्यास भरा, पण मूळ गुणपत्रिका आणि दाखला ठेवून देऊ नका; मूळ कागद अडकवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केलेली आहे. शुल्क परताव्याच्या तारखाही आयोग जाहीर करतो. 2024-25 मध्ये 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क आणि 31 ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून उर्वरित शुल्क परत करावे, असा आदेश होता. आपल्या वर्षाची तारीख पाहून ठेवा.

आता आईचा प्रश्न. वसतिगृह पाहायला जाताना खोली पाहू नका. ती सर्वत्र रंगवलेली असते. अधीक्षिका रात्री आवारातच राहतात का, पहिल्या वर्षाच्या सर्व मुलींना जागा मिळते का आणि दुसऱ्या वर्षी त्यांना बाहेर खोली शोधावी लागते का, आजारी मुलीला रात्री दवाखान्यात कोण नेते, हे विचारा. दुसऱ्या वर्षाचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण पुष्कळ ठिकाणी सोय एकाच वर्षाची असते आणि पुढे कोथरूड किंवा वाघोलीत चौघींनी मिळून फ्लॅट घ्यावा लागतो. तो खर्च आणि ती काळजी, दोन्ही कोणत्याच माहितीपत्रकात नसतात. पात्र विद्यार्थ्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज करताना तोही पाहावा.

मुलीच्या स्वप्नाबद्दल मी शेवटी लिहितो आहे, पण ते मला सर्वांत हलके वाटते म्हणून नव्हे. अठराव्या वर्षी माणूस जितके शिक्षकांकडून शिकतो, जवळजवळ तितकेच बरोबरीच्या मुलांकडून शिकतो. 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमीत रात्री जागलेली मुले मी पाहिली आहेत. नेपथ्याच्या पाट्या उचलणारा माझा एक विद्यार्थी वेळेत काम संपवायला तिथे शिकला. माझ्या तासाला मात्र तो कधी वेळेवर आला नाही. सीओईपीचा बोट क्लब आणि रेगाटा हा नौकानयनाचा सोहळा, फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन कलास्पर्धेच्या तयारीत घालवलेली सत्रे, विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात काम करून स्वतःचा खर्च भागवणारी खेड्यातली मुले, ही सगळी त्या स्वप्नाचीच रूपे आहेत, आणि त्यांतली बहुतेक विकत मिळत नाहीत. मुलीला खासगी विद्यापीठात नेमके काय दिसले, हे तिला एकदा शांतपणे विचारा. तिथली रोबोटिक्सची प्रयोगशाळा आणि त्यातली मुले दिसली असतील तर तो आग्रह ऐकण्यासारखा आहे. रील्समधला उत्सव दिसला असेल, तर तो वर्षातून तीन दिवस असतो.

96 पर्सेंटाइलबद्दल स्पष्ट सांगतो. सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेत संगणक शाखा खुल्या प्रवर्गातून या गुणांवर मिळेल अशी आशा धरू नका. पुण्यातल्या आणि सांगलीसारख्या शहरांतल्या चांगल्या स्वायत्त महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत किंवा यंत्र या शाखा मात्र आवाक्यात असू शकतात. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर प्रवर्गवार आहेत. कमकुवत संस्थेतल्या संगणक शाखेपेक्षा भरभक्कम विभागातली दुसरी शाखा मी निवडीन, परंतु मुलीला त्या विषयाची मुळातच नावड असेल तर हा सल्ला सोडून द्यावा. विकल्प भरताना क्रम विचारपूर्वक लावा: 2025-26 पासून पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. शेजाऱ्याने सांगितलेले नाव सहज म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकणे या वेळी महागात पडेल.

आणि दोन्ही ठिकाणी एकदा जाऊन या. पालकांसाठी राखलेल्या दिवशी नको. सत्र सुरू असताना, आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी अडीचच्या सुमारास जा. त्या वेळी प्रयोगशाळेत यंत्रे चालू आहेत की झाकून ठेवली आहेत ते पाहा, ग्रंथालयात बसायला जागा आहे का ते पाहा, आणि प्राध्यापकांच्या खोल्यांच्या बाहेर मुले उभी आहेत का ते पाहा. बरोबर मुलीला न्या आणि दुसऱ्या वर्षाच्या चार मुलींशी तिला एकटीलाच बोलू द्या. तुम्ही दोघांनी तेवढा वेळ कँटीनमध्ये चहा घ्यावा.